तात्पुरत्या पासवर्डांची वही

कचेरीत सगळे तिला पासवर्डताई म्हणत. फोनवर म्हणत, पाठीमागेही म्हणत. चार मजले, अडीचशे माणसं, आणि त्या प्रत्येकाचा तिच्याशी संबंध एवढाच, की तो पासवर्ड विसरायचा आणि ती त्याला तात्पुरता नवा द्यायची. पासवर्ड मिळाला की फोन ठेवला. बरं झाल्यावर डॉक्टरला निदान कुणी दुरून हात तरी करतं. हिला जिन्यात कुणी ओळखतही नसे, कारण लोकांना ठाऊक होता तो फक्त हिचा आवाज.

तिची जागा तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, झेरॉक्सच्या खोलीला लागून होती. एक टेबल, संगणकाचे दोन पडदे, कानाला रुतणारा हेडफोन आणि एक खिडकी. खिडकीतून खालचं गाड्या लावायचं आवार दिसे आणि आवारापलीकडची बैठी जुनी इमारत. त्या इमारतीच्या तळघरात रेकॉर्ड रूम होती.

पासवर्डाचे नियम कुणी केले होते, देव जाणे. बारा अक्षरं हवीत, त्यात एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह, मागच्या दहांशी साम्य नको, आणि दर पंचेचाळीस दिवसांनी तो बदलायचाच. एवढं केल्यावर सरळमार्गी माणूस काय करणार? चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवणार. चोराला त्या नियमांचं काही नव्हतं, तो मागच्या दाराने यायचा. नाकी नऊ यायचे ते पगारपत्रकं भरणाऱ्या बायांच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

शेजारच्या टेबलावर केबल आणि जोडण्या बघणारा एक गृहस्थ बसे. रोज सकाळी चहाबरोबर तो तंत्रज्ञानाच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवी, म्हणून त्याचं नाव बातमीदार.

"ऐकलंत का ताई? कुठल्याशा कंपनीचे चार कोटी पासवर्ड चोरीला गेले."

"त्या चार कोटींना ते आठवत तरी होते का?" ती म्हणे.

बातमीदार हसे आणि पुढची बातमी वाचू लागे. त्याला श्रोता हवा असायचा. समोर कोण आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. सहा वर्षांत त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं की ताई, तुम्ही राहता कुठे.

आणि मग नऊ वाजून दहा मिनिटांनी तो फोन यायचा.

"ताई, रेकॉर्ड रूममधून बोलतोय. आज परत गाडी अडली बघा."

रेकॉर्ड रूमचे काका. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, ते पासवर्ड विसरत. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा यंत्राने बनवलेला पासवर्ड वाचून दाखवता दाखवता तिच्या तोंडाला फेस आला होता. शून्य की ओ? एक की एल? काका चष्मा पुसत, चुकत, माफी मागत. ज्याने ते यंत्र बनवलं त्याने आयुष्यात कधी म्हाताऱ्या माणसाला फोनवरून काही वाचून दाखवलं नसणार. शेवटी तिने वैतागून खिडकीबाहेर पाहिलं. आवारातून कुणी बाई छत्री घेऊन चालली होती.

"काका, हे सोडा. लिहा, पिवळी छत्री. जोडून. आणि पुढे तीन."

पलीकडून खळखळून हसू आलं. "हे बरंय! हे जमलं!"

तसं करणं नियमात बसत नव्हतं. तात्पुरता पासवर्ड यंत्रानेच बनवलेला हवा, त्यात अर्थ असलेला शब्द नको, असं परिपत्रक होतं. पण काकांपुरती तिने ती सवयच लावून घेतली. समोर दिसेल ते, मनात असेल ते, जोडून, पुढे आकडा. डबा विसरले सात. पंखा वाजतो दोन. नवी चप्पल चावते पाच. काका प्रत्येक शब्द पुन्हा उच्चारून दाखवत, हळूहळू, लिहून घेतल्यासारखे. मग "चला, लागतो कामाला" म्हणत. दीड-दोन मिनिटांचं बोलणं. पण संध्याकाळी घरी जाऊन कुलूप काढताना तिच्या ध्यानात येई, की दिवसभरात आपण काम सोडून दुसरं काही बोललो असू तर ते तेवढंच.

गेल्या वर्षी कचेरीत नवी व्यवस्था आली. पडद्यावर एक बटण: 'विसरलात?' ते दाबायचं, कॅमेऱ्याला चेहरा दाखवायचा, की काम झालं. बातमीदार खूश. "पासवर्डाचे दिवस संपले ताई! आता आपला हात जगन्नाथ!" तिचा फोन दिवसाला चाळीसदा वाजायचा, तो चारदा वाजू लागला. काकांचा मात्र येतच राहिला. "ते यंत्र माझं तोंड बघून नाही म्हणतं," ते सांगत. "त्याला काय दोष द्यायचा?"

मग दोन महिन्यांपूर्वी तोही थांबला.

शिकले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. चांगलंच झालं. तरी नऊ वाजले की ती चहाला उठत नसे. बातमीदार म्हणे, "चला ताई," ती म्हणे, "व्हा पुढे." नऊ-दहा होत, नऊ-वीस होत, मग ती एकटी जाऊन गार झालेला चहा घेऊन येई. आपण होऊन फोन करावा तर कुठल्या तोंडाने? मदत कक्षाला फोन येतात, मदत कक्ष कुणाला फोन करत नाही. "तुम्ही पासवर्ड का विसरत नाही?" असं विचारायचं होतं का?

मंगळवारी दुपारी विभागाच्या मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक जाड वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले.

"बसा. तळघरातलं टेबल रिकामं करताना खणात सापडली. उघडून बघा."

तिने उघडली. आखून पाडलेले तीन रकाने. तारीख, पासवर्ड, शेरा. पहिल्याच ओळीत 'पिवळीछत्री३'.

"हे काकांचं अक्षर आहे?" तिने विचारलं. सहा वर्षांत ते तिने पाहिलं नव्हतं.

"त्यांचंच. निवृत्त झाले ना ते."

"कधी?"

"दोन महिने झाले की. तुम्हाला माहीत नव्हतं?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आता लेकीकडे गेले म्हणे, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. कचेरीचा मोबाइलही जमा करून गेले. ते असो. हे पासवर्ड तुम्ही हाताने बनवलेत?"

"हो."

"उद्या सुरक्षा तपासणीचे साहेब येताहेत. ही वही त्यांच्यापुढे गेली तर शेरा तुमच्यावर येणार. आणि मदत कक्षाची जागा ठेवायची की नाही, ते याच महिन्यात ठरायचंय." बाई मनाने वाईट नव्हती. "ही सापडली हे अजून फक्त मला माहीत आहे. तुमच्या बाजूच्याच खोलीत कागद कापायचं मशीन आहे. संध्याकाळपर्यंत काय ते करा. नाहीतर नियमभंगाच्या घटनेचा फॉर्म भरून आणा."

वही पोटाशी धरून ती जागेवर आली. पान एक, पान दोन. पासवर्ड शाईने लिहिलेले, शेरे पेन्सिलीने.

'डबाविसरले७' — 'जेवल्या का, विचारायचं राहिलं.'

'पंखावाजतो२' — 'तेल द्यायला सांगावं का? आगाऊपणा होईल.'

'नवीचप्पलचावते५' — 'बरं वाटलं. स्वतःसाठी काहीतरी घेतलं.'

तिने पानं भराभर उलटली. आपण काय शोधतोय, हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वीची पानं. 'आईलाताप४'. 'दवाखान्यातूनआले१'. 'रात्रभरजागी६'. त्यानंतर अकरा दिवस काहीच नाही. मग 'परतआले२', आणि त्यापुढे बारीक पेन्सिलीत: 'आवाज बसलेला. आई गेल्या असाव्यात. विचारू नये. नुसतं थांबावं.'

तो दिवस तिला लख्ख आठवला. आई गेल्यावर ती कामावर हजर झाली, तर कुणी म्हणालं रजा बरी मिळाली, कुणी म्हणालं आमचे पासवर्ड अडकलेत. त्या सकाळी काकांनी शब्द लिहून घेतला आणि फोन ठेवलाच नाही. "घाई नाही ताई," म्हणाले. "मी आहे इथे." दोघंही चार-पाच मिनिटं काही न बोलता तशीच फोनवर राहिली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा संगणक सावकाश चालत असेल.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. वहीत फक्त तिने दिलेले शब्द होते. काकांचा स्वतःचा पासवर्ड कुठेही नव्हता. जो माणूस एवढा विसरतो, तो नेमका तोच लिहून कसा ठेवत नाही?

तिने काकांच्या खात्याची जुनी नोंद उघडली. ती तिला केव्हाही उघडता आली असती, पण सारखं विसरणाऱ्या माणसाची नोंद कोण बघत बसतो? त्यांच्या शेवटच्या आठवड्यातला सोमवार. आठ एक्केचाळीसला काका आपल्या पासवर्डाने आत गेले. वीस-पंचवीस मिनिटं काम केलं. नऊ-सातला बाहेर आले. नऊ-आठला चुकीचा पासवर्ड. नऊ-आठलाच दुसरा चुकीचा. नऊ-नऊला तिसरा. खातं बंद. नऊ-दहाला तिचा फोन वाजला.

तिने बुधवार पाहिला. मग आधीचा महिना, आधीचं वर्ष. सगळीकडे तेच. बरोबर पासवर्डाने आत, मग बाहेर, मग एकापाठोपाठ तीन चुका. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं हा माणूस इतकी वर्षं आठवणारा पासवर्ड विसरत होता. तळघरात कपाटांच्या रांगांमध्ये दिवसभर एकटा बसणारा माणूस, आणि सकाळी कुणाशी तरी दोन शब्द बोलायला त्याला हे असलं निमित्त लागावं! आणि आपल्याला तरी दुसरं काय लागत होतं? तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचा. आवार ओलांडून गेलं की दोन मिनिटांवर ते तळघर होतं. एकदा जाता आलं असतं.

शेवटचं पान तिने सगळ्यात शेवटी पाहिलं. शुक्रवारची तारीख. त्या दिवशी बातमीदार नव्या व्यवस्थेचा कसलासा तक्ता घेऊन डोक्यावर उभा होता, आणि ती त्याला म्हणाली होती, उद्या बघू. तोंडात होते तेच शब्द तिने घाईघाईने फोनवर दिले होते.

'उद्याबघू९'. त्यापुढे पेन्सिलीने: 'उद्या नाही. आज माझा शेवटचा दिवस. सांगणार होतो, पण ताई घाईत होत्या.'

झेरॉक्सच्या खोलीत मशीन चालू होतं, कुणीतरी जुनी बिलं कापत होतं. त्याचा आवाज थांबेपर्यंत ती हलली नाही. मशीन मोकळं झालं, तेव्हाही ती उठली नाही. तिने खणातून घटनेचा फॉर्म काढला आणि भरायला घेतला. फॉर्मही पासवर्डाचे नियम करणाऱ्यांनीच बनवलेला असावा. नाव लिहायला बोटभर जागा आणि 'इतर'साठी अर्धं पान.

उघड झालेले पासवर्ड: सहाशे सदुसष्ट. आज चालू असलेले: एकही नाही. किती व्यक्तींना माहीत होते: एक. नियमभंग कोणाकडून: माझ्याकडून. वही नष्ट केली आहे का: नाही.

पाच वाजता तिने फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी वाचला, परत वाचला, आणि कपाळाला हात लावला.

"अहो, सहाशे सदुसष्ट? मोजत बसलात? नीट विचार केलात ना?"

"केला."

"जागा जाईल तुमची."

"फोन तरी कुठे वाजतोय मॅडम," ती म्हणाली. "एक विचारू? साहेबांचं बघून झाल्यावर वही मला मिळेल का?"

"छे. पुरावा आहे तो. फायलीला लागणार, नंबर पडणार, आणि रेकॉर्ड रूममध्ये जाणार."

"रेकॉर्ड रूममध्ये आता कोण असतं?"

"कोण असणार? काकांची जागा भरलीच नाही. खाली कुलूप आहे."

वही अजून तिच्याच हातात होती. "एक मिनिट देता?" असं म्हणून तिने मॅडमच्या टेबलावरचं पेन उचललं, शेवटचं पान उघडलं, आणि काकांच्या ओळीखाली, त्यांनी आखलेल्या रकान्यांत, आजची तारीख घातली. पुढच्या रकान्यात लिहिलं, जोडून: 'दोनमहिनेवाटपाहिली१'.

शेऱ्याचा रकाना तिने कोरा ठेवला, आणि वही मॅडमच्या हातात दिली.