दुपारची ड्यूटी

सायखेड्याचे सावळीराम मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास गेले. सकाळीच उज्वलाने त्यांचं अंग पुसून दिलं होतं. ताप उतरला होता, छाती मोकळी झाली होती, बुधवारी घरी सोडणार होते. "पोरी, फ्लॉवर काढायला आलाय," ते म्हणाले होते. "मी नसलो तं चांगुणा लहान-मोठा सगळा एकाच दिवशी उपटील."

उज्वला गांगुर्डे द्वारका चौकाजवळच्या तीस खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलात मावशी होती. साफसफाई, चादरी, बेडपॅन, चहा, सगळं तिच्याकडे. अकरा वर्षांत तिने पुष्कळ मरणं पाहिली होती, आणि मेलेल्या माणसाची चादर काढताना तिचे हात आता अडखळत नसत. त्या दिवशी अडखळले. चादर चिंब भिजली होती. लघवी नव्हती, घाम होता. गादीच्या रेक्झिनवर त्याचं तळं साचलं होतं.

सावळीरामांची बायको, चांगुणा, भिंतीला टेकून बसली होती. "मला म्हनल्या, आजी, खाली जाऊन च्या पिऊन या. मी गेले, आन् आले तं हे असं..."

"कोण म्हणालं?"

"आशाबाई. लय जीव लावायच्या वो त्यांना."

आशा सिस्टर जीव लावायच्याच. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. दुपारी दोन ते रात्री आठ ही त्यांची ड्यूटी. पेशंटच्या बायका जाताना त्यांच्या पाया पडत.

चादरी गोळा करून उज्वला मागच्या धुण्याच्या खोलीत आली. कचऱ्याच्या पिशव्या बांधताना तिला पिवळ्या पिशवीत, रक्ताच्या कापसाखाली, एक छोटी बाटली दिसली. इन्सुलिनची. औषधांच्या दुकानातून बर्फाच्या पिशवीत घालून तिने अशा बाटल्या कितीदा आणल्या होत्या. पण शुगरच्या पेशंटचा बिनसाखरेचा चहा वेगळा काढायचं काम तिचंच होतं, आणि त्या आठवड्यात वॉर्डात बिनसाखरेचा एकही कप नव्हता.

बाटली मुठीत धरून ती उभी राहिली. मागच्या महिन्यात गेलेला तो रिक्षावाला. पायाला प्लास्टर, बाकी ठणठणीत. त्याचीही चादर पिळून काढावी लागली होती. तीही दुपारच होती.

आणि मग तिला तिसरी चादर आठवली. तिच्या सासूची, रंगूबाईंची. गेल्या दिवाळीनंतर त्या याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर गेल्या होत्या. अंगातलं लुगडं पाठीला चिकटलं होतं. उज्वलाने स्वतः ते सोडवलं होतं आणि नंतर आशा सिस्टरच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

"काय सापडलं गं?"

आशा सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या, तिला कळलंही नव्हतं.

"काही नाही."

"दे इकडे. काच लागेल हाताला."

त्यांनी हात पुढे केला. ओरडावं, पळावं, असं उज्वलाला आतून वाटत होतं. पण तिची मूठ आपोआप उघडली. आशा सिस्टरनी बाटली उचलली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दमलीस. जा, चहा घे थोडा."

तो स्पर्श घरी तोंड धुतलं तरी जाईना.

नवऱ्याला सांगावं असं तिच्या मनात दहादा आलं. भारत अंबडला एका कंपनीत मशीनवर होता. साधा माणूस, आईवर जीव असलेला. त्याला काय सांगायचं? तुझी आई मेली नाही, मारली? आणि मग तो पुढचं विचारेल ते?

बुधवारी सकाळी ती मेट्रनकडे गेली. मनीषा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"बाटली कुठे आहे?"

"त्यांनी घेतली."

"उज्वला, आशा इथे चौदा वर्षं आहे. मी आजारी होते तेव्हा मला तिने भरवलंय. आज बोललीस ते बोललीस. पुन्हा हे तोंडातून काढू नकोस."

तिने पुन्हा काढलं नाही. पण मनीषा मॅडमनी काढलं असावं. कारण त्याच दिवशी दुपारी धुण्याच्या खोलीत आशा सिस्टर आत आल्या, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. हातात चहाचे दोन कप होते. एक त्यांनी ओट्यावर ठेवला.

"घे."

"नको सिस्टर. आत्ताच झाला."

"घे गं. मी केलाय."

उज्वलाने कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला.

"तुझ्या सासूबाईंना पाठीला जखमा झाल्या होत्या," आशा सिस्टर हळू आवाजात बोलू लागल्या. "कूस बदलली की ओरडायच्या. तू इथेच, या ओट्यापाशी रडत होतीस. काय म्हणाली होतीस, आठवतं?"

उज्वलाला आठवत होतं.

"म्हणालीस, सिस्टर, आता त्या सुटल्या तर बरं. बाकीचे कोणी बोलत नाहीत. त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं. तू तरी बोललीस." त्यांनी आपला चहा संपवला. "भारतला सांगितलंस का कधी? सांगू नकोस. पुरुषांना नाही कळत."

त्या गेल्यावर उज्वलाने चहा मोरीत ओतला, कप घासला, पुन्हा घासला, आणि खाली बसून राहिली.

गुरुवारी कामाला जाऊच नये असं तिने ठरवलं होतं. तरी गेली. घरी बसून घड्याळाकडे बघणं त्याहून वाईट होतं.

कोपऱ्यातल्या खाटेवर आता भागीबाई होत्या. द्वारकेला शेवंती, झेंडू विकायच्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, मुलगा सुरतेला होता, त्यामुळे जवळ कोणी नव्हतं. दिवसभर कण्हायच्या, पाणी मागायच्या, देवाला शिव्या द्यायच्या. अडीच वाजता आशा सिस्टर त्यांच्या उशापाशी थांबल्या. "किती हाल होतात हो आजी," असं म्हणत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

उज्वला हातातली बादली खाली ठेवून तिथेच थांबली.

पावणेतीनला त्यांनी तिला हाक मारली. "उज्वला, हे रक्ताचे नमुने कोपऱ्यावरच्या लॅबला देऊन ये. रिपोर्ट घेऊनच ये. घाई नाही."

ती जिना उतरली, फाटकापर्यंत आली. समोर द्वारकेचा गोंगाट, बस, टेम्पो, हॉर्न. असंच पुढे चालत घरी गेलं तर? कोणी विचारणार नव्हतं. भागीबाई तिच्या कोणी नव्हत्या. आणि आता ती माघारी गेली, तर आशा सिस्टर ते विसरणार नव्हत्या. एकदा तिने रस्त्यावर पाऊल टाकलंसुद्धा. मग नमुन्यांचा डबा वॉचमनच्या टेबलावर ठेवून ती वळली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर आली.

भागीबाईंचा पडदा ओढलेला होता. आशा सिस्टर टेबलापाशी बसून शांतपणे काहीतरी लिहीत होत्या.

"इतक्यात आलीस?"

उज्वलाने पडदा बाजूला केला. भागीबाई कण्हत नव्हत्या. कपाळावर टपोरे थेंब, चोळी भिजलेली, बोटं चादरीवर नुसती थरथरत होती. "आजी! ओ आजी!" डोळे अर्धवट उघडले, पण त्यात ओळख नव्हती.

ट्रॉलीवर शुगर तपासायचं मशीन होतं. मावशीने त्याला हात लावायचा नसतो. पण अकरा वर्षांत शेकडो वेळा पाहिलेलं काम होतं ते. तिने पट्टी घातली, भागीबाईंच्या बोटाला सुई टोचली.

"मशीन खाली ठेव." आशा सिस्टर उठल्या होत्या.

आकडा आला. अठ्ठावीस. शंभराच्या आसपास असायला हवा होता.

डॉक्टरांना बोलवायला खाली पळायला हवं होतं. पण पळाली तर भागीबाई यांच्याजवळ एकट्या राहणार. आशा सिस्टर सरळ भागीबाईंच्या सलाइनकडे आल्या आणि नळी काढायला लागल्या; मागच्या बाटलीसारखा हाही पुरावा जाणार होता. उज्वलाने सलाइनची बाटली आणि नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली. त्यांचे चेहरे वीतभर अंतरावर आले. आशा सिस्टरच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पेशंटला औषध पाजताना असायची तशीच माया होती, आणि त्यामुळेच उज्वलाने नळी आणखी घट्ट धरली.

"सोड," त्या कुजबुजल्या. "नाहीतर भारतला सांगेन. तूच सांगितलं होतंस म्हणून सांगेन."

उज्वला ओरडली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"डॉक्टर! डॉक्टरांना बोलवा! मारतायत ह्या! आजीला मारतायत हो!"

सगळा वॉर्ड जागा झाला. शेजारच्या खाटेजवळची नातेवाईक बाई धावत खाली गेली. डॉक्टर स्वराज, ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर, धापा टाकत वर आले, तेव्हाही उज्वला सलाइनला मिठी मारून उभी होती आणि आशा सिस्टर बाजूला होऊन हात पुसत होत्या.

"शुगर कमी झाली होती डॉक्टर. मी कॉल करणारच होते. ही बाई वेडीपिशी झालीय."

स्वराजनी मशीनवरचा आकडा पाहिला. "ह्यांना शुगरचा त्रास कधी होता?"

आशा सिस्टर हात पुसतच राहिल्या.

"इन्सुलिन दिलंय त्यांनी," उज्वला म्हणाली. "आधी रक्त घ्या. ह्या नळीतलंही ठेवा. आणि सुयांच्या डब्याला कोणाला हात लावू देऊ नका."

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे, मग आशा सिस्टरकडे पाहिलं. आधी रक्त काढून ठेवलं, मग ग्लुकोज सोडलं. दहा मिनिटांनी भागीबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "भूक लागली गं."

पोलीस आले तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. आशा सिस्टरनी केस सारखे केले, पर्स घेतली. दारातून वळून आपल्या जागी आलेल्या सिस्टरला म्हणाल्या, "सातची औषधं ट्रेमध्ये काढून ठेवलीत." उज्वलाकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या ट्रेला पुढचे तीन दिवस कोणी हात लावला नाही.

रक्तात बाहेरून दिलेलं इन्सुलिन सापडलं. भागीबाईंचं प्रकरण उभं राहिलं. बाकीच्यांचं अवघड होतं. सावळीरामांना गोदावरीच्या काठी अग्नी देऊन झाला होता. चांगुणा पोलीस ठाण्यात आली, तासभर बसली, एवढंच म्हणाली, "मी च्या प्यायला गेले नसते तं..." साहेबांनी तिला पाणी दिलं.

उज्वलाने शुक्रवारी संध्याकाळी भारतला सगळं सांगितलं. रंगूबाईंचंही, आणि ओट्यापाशी आपण काय बोललो तेही. तो जमिनीकडे बघत ऐकत होता.

"तू बोलली होतीस असं?"

"हो."

"मारा म्हणून?"

"नाही. पण बोलले होते. आणि त्या गेल्यावर मला हायसं वाटलं होतं."

तो उठून बाहेर गेला. रात्री जेवला नाही. ती रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आता हा सोडून जाईल, असं तिला वाटत होतं. सकाळी जबाब द्यायला जायचं म्हणून तिने साडी बदलली तेव्हा तो दाराशी चपला घालून उभा होता. त्याने कंपनीत सुट्टी टाकली होती.

ठाण्यात तो बाहेरच्या बाकावर बसला. आत पोलीसबाईने जबाबाचा कागद पुढे ओढला. उज्वलाच्या तळहातांना घाम सुटला होता. तिने ते पदराला पुसले.

"आणखी एक नाव लिहा," ती म्हणाली. "रंगूबाई गांगुर्डे. माझी सासू. आणि मी काय बोलले होते, तेही लिहा. सगळं लिहा."