ओवाळून सोडलेली

हुसकावू नका, जरा थांबा. मी कोंबडीच बोलतेय. मिरजेत दवाखान्यांच्या मागच्या अंगाला जी कॉलनी आहे ना, तिथल्या पाण्याच्या टाकीखाली बसलेली, पायाला निळी चिंधी असलेली. दिवस कलला आहे. आमच्या जातीला अंधारात काही दिसत नाही, म्हणून जे सांगायचं ते उजेड आहे तोवर सांगते. उद्या झुंजूमुंजू झालं की माणूस जाळं घेऊन येणार आहे. आम्हा सगळ्यांना उचलून नेणार आहे.

मी इथली नाही. जत तालुक्यातल्या एका वस्तीवर, दगडाबाईच्या घरी, डालग्याखाली मी अंड्यातून बाहेर आले. पुढे मोकळं अंगण, पलीकडे मेंढरं, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की सांडलेलं पाणी प्यायला आम्ही सगळ्यांच्या आधी. दगडाबाई शिव्या देत देत दाणे टाकायची. तिचा नवरा आप्पासो शिव्या द्यायचा नाही. तो उंबऱ्यावर बसून "आऽ आऽ आऽ" करायचा आणि मूठ उघडून ज्वारी आधी मला दाखवायचा. शेजारणीच्या कोंबड्यांत मी मिसळून जाऊ नये म्हणून दगडाबाईने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून माझ्या पायाला बांधली. मला वाटलं, झालं, आता मी घरातली.

मी तलंग होते, नुकती अंड्यावर आलेली, तेव्हा आप्पासोचं पोट दुखायला लागलं. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं, पण जखम काही भरेना. ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. वेळ लागेल म्हटलं की माणसांना धीर धरवत नाही. दगडाबाई त्याच्यापाशी बहिणीला बसवून वस्तीवर आली आणि तिने देवऋष्याला विचारलं. तो म्हणाला, उतारा काढायचा, घरातली कोंबडी त्याच्यावरून ओवाळायची, तिकटीवर सोडायची आणि मागे वळून न बघता निघून यायचं. दुखणं कोंबडीवर जातं. मात्र ती कोंबडी घरी परत आली, तर दुखणंही घरी परत येतं.

घरात तेव्हा मी एकटीच उरले होते. बाकीच्या पाहुण्यारावळ्यांत संपल्या होत्या.

वायरच्या पिशवीत बसून मी पहिल्यांदा एसटी बघितली. पिशवीच्या भोकातून मान बाहेर काढून मी सगळा रस्ता बघत होते. दगडाबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. दवाखान्याच्या फाटकावर वॉचमनने कोंबडी बघून तिला अडवलं. तेव्हा ती आत जाऊन आप्पासोचा सदरा घेऊन आली. रस्त्याच्या कडेला सदरा अंथरून तिने मला त्याच्यावरून ओवाळलं, माझ्या डोक्यावर कुंकू वाहिलं आणि या कॉलनीच्या तिकटीवर, जिथे तीन रस्ते मिळतात तिथे, खाली ठेवलं. मग ती चालायला लागली.

मला वाटलं, बाई मला विसरली. मी तिच्या मागे धावले. माझ्या पायांचा आवाज तिने ऐकला, कारण ती भरभर चालायला लागली. मी आणखी धावले, तर तीही पदर तोंडात धरून धावायला लागली. ती रडत होती, मला ऐकू येत होतं. पण एकदाही तिने मागे बघितलं नाही. मध्ये एक रिक्षा आली, आणि रिक्षा गेली तेव्हा रस्ता रिकामा होता.

कॉलनीत आले तर माझ्यासारख्या कितीतरी. एक आटपाडीकडची, एक पार कर्नाटकातून आलेली, एक डोळा गेलेला कोंबडा. कुणी कुणाच्या लेकरावरून, कुणी कुणाच्या म्हातारीवरून ओवाळून सोडलेली. जिथे दवाखाने जास्त तिथे आम्हीही जास्त, हे ओघानंच आलं. सोडणारी माणसं आपापल्या गावी निघून गेली. आम्ही मात्र इथेच अंडी घातली, पिलं काढली आणि वाढत गेलो.

आधी कॉलनीला आमची मजा वाटली. लोक मोबाईल धरून फोटो काढायचे. सोनिया नावाची बाई उरलेला भात टाकायची आणि आमची अंडी वेचून न्यायची. गावरान अंडी फुकट मिळतात म्हणून ती आजूबाजूला सांगत सुटली होती. एक दिवस तिकटीवर तिने आपल्या डोळ्यांनी कोंबडी ओवाळताना बघितली. घरी जाऊन तिने म्हणे फ्रिज धुऊन काढला. त्यानंतर भातही बंद झाला आणि आमच्याकडे बघणंही.

मला कॉलनीवर खोटा आळ घ्यायचा नाही. आमचा ताप होतो, हे खरंच आहे. सातारच्या बाजूचे उदयसिंह सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन इथे राहायला आलेत. ते कोथिंबीर पेरतात आणि आम्ही ती उकरतो. स्कूटरच्या सीटवर आम्ही घाण करतो. कोंबड्याला तर वेळकाळच कळत नाही, भर दुपारीही आरवतो. दवाखान्यात रात्रपाळी करणारी अंकिता नर्स दिवसा झोपायला जाते ती कानावर उशी दाबून. एकदा तिने खिडकी उघडून आमच्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते. "मला झोपू द्या गं," एवढंच म्हणाली ती, आणि खिडकीला डोकं टेकून रडली. मला तिची कणव आली. पण माझ्यापाशी तिला द्यायला होतं काय?

मग हुसकावणं सुरू झालं. पाण्याचा पाइप झाला, फटाके झाले, दगड झाले. कुत्री अंगावर घातली. उदयसिंह पालिकेत जाऊन आले. तिथे कुत्र्याडुकरांची सोय होती, कोंबड्यांचं कुणाकडेच काही नव्हतं. चिकनवाल्या साईराजला बोलावलं, फुकट ने म्हणाले. तो खुशीत आला, वाकला, आणि एका नव्या कोंबडीच्या डोक्यावरचं कुंकू बघून तसाच मागे सरला. ह्या आपल्याकडनं कापवणार न्हाईत, म्हणाला, आणि गाडीला किक मारून निघून गेला.

म्हणजे गंमत बघा. आम्ही कुणालाच नकोत, पण आम्हाला हात लावायलाही कुणी तयार नाही. हात लावला तर दुखणं आपल्याकडे येईल. शिकलेली माणसं आहेत सगळी, निम्मी तर दवाखान्यातच कामाला. दुखण्यावर गोळ्या देतात आणि आम्हाला वळसा घालून जातात.

दरम्यान मी खुडूक बसले. टाकीखालच्या मोडक्या कूलरमध्ये माझी पिलं निघाली. चांगली घोळकाभर होती. दोन मांजराने नेली. एक उदयसिंहांच्या दारातच मोटारीखाली गेलं. ते खाली उतरले, त्यांनी पिलू बघितलं, आणि खराट्याने कडेला सारलं. हाताने उचललं नाही. एका पिलाला घारीने माझ्या डोळ्यांदेखत उचललं. चार राहिली. त्या दिवसापासून मी धड खाल्लेलं नाही. सारखी मान वर, सारखी मान खाली. आपण मेलो तर मेलो, ही चार वाचली पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात आहे.

काल कॉलनीची बैठक झाली, इथेच टाकीपाशी. उदयसिंहांनी सांगितलं की लांबचा एक माणूस मिळालाय, जाळ्याने धरून हायवेच्या हॉटेलांना देतो. सगळ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात सोनियाने विचारलं, त्याला उताऱ्याचं सांगितलंय का? मग उदयसिंह म्हणाले, "त्यानं इचारलं न्हाई. आपन कशाला सांगायचं?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या कोंबडीच्या सावलीला ते उभे राहत नाहीत, ती कोंबडी दुसऱ्याच्या ताटात वाढायला त्यांची काही हरकत नव्हती. अंकिता तेवढी मध्येच उठून गेली.

आज दुपारी टाकीच्या सावलीला दोन माणसं भाकरी सोडून बसली. दवाखान्यात दाखवायला आलेली पुष्कळ माणसं इथे बसतात. मी पिलांना घेऊन लांब सरले. आणि कानावर आलं, "आऽ आऽ आऽ."

मी वळून बघायच्या आधीच धावत सुटले होते. आप्पासोच होता तो. अंगाने भरला होता, गालावर तेज होतं. मुठीत भाकरीचा तुकडा होता. त्याने कुठल्याही कोंबडीला घालावी तशीच साद घातली होती, पण मी पायापाशी आले आणि त्याला चिंधी दिसली.

"अगं, ही आपली तलंग," तो म्हणाला.

दगडाबाईने एकदाच बघितलं आणि तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे फिरवलं. "आवं, हात लावू नगा. तुमच्या पाया पडते, तिला हात लावू नगा."

उदयसिंह झाडांना पाणी घालत होते. ते पुढे आले. उद्या सगळ्या धरून न्यायच्या आहेत हे त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमची आसंल तर न्या की. आमची एक तरी कमी हुईल."

आप्पासो बायकोला समजवायला लागला. पोट डॉक्टरांनी नीट केलं, कोंबडीने नाही, असं त्याचं म्हणणं. दगडाबाई भिंतीशीच बोलत होती. "डॉक्टरनी केलं, व्हय. पर जखम कवा भरली? हिला सोडली तवा. तुमी तापात बडबडत हुता, तुमाला न्हाई ठावं. मी बघितलंय. मला पुन्यांदा ते दिस नगं."

"ती मरंल की गं उद्या."

"मला कळंना व्हय?" एवढंच ती म्हणाली. भिंतीला लावलेले तिचे खांदे हलत होते.

आप्पासोचा हात माझ्या पाठीपासून वीतभर लांब होता. मी मान खाली घालून वाट बघत होते. त्या हाताची मला किती आठवण येत होती, काय सांगू! पण हात तिथेच थांबला. मग त्याने तो मागे घेतला आणि सदऱ्यावरून पोटाला लावला, जिथे जखम होती तिथे. तेव्हा मला कळलं, भीती त्यालाही वाटते.

मी हलले नाही. पिलं माझ्या पायात घुटमळत होती, चिवचिवत होती. ती चिवचिव दगडाबाईने ऐकली असणार.

"पिलं किती हायत?" तिने भिंतीकडे बघतच विचारलं.

"चार."

"पिलांवरनं काय ओवाळलं न्हाई," ती म्हणाली. "पिलं घ्या." आणि न वळता तिने हात मागे करून वायरची पिशवी सरकवली. तीच पिशवी होती.

माझ्या पिलांना कुणी हात लावला की मी अंगावर धावून जाते. मांजराच्या नाकावर अजून माझी खूण आहे. पण आज मी पाय रोवून उभी राहिले. आप्पासोने एकेक पिलू उचललं. माझ्या अंगाला चुकूनही बोट लागणार नाही, अशा बेताने उचललं. ती दोघं उठली. "मागं बघू नगा," दगडाबाई त्याला म्हणाली, आणि ती चालायला लागली. तीच चाल, तोच पदर तोंडात.

पिशवीतून पिलं मला हाका मारत होती. मी एकदा जरी आवाज दिला असता, तर भोकांतून मुंडकी काढून, धडपडून ती बाहेर पडली असती. कोंबडीच्या आवाजामागे पिलू येतंच, मग मध्ये रस्ता असो नाहीतर मोटार. म्हणून मी गप्प बसले. त्यांच्या मागे एक पाऊलही टाकलं नाही. आवाज बारीक होत होत बंद झाला, तरी मी चोच मिटूनच होते.

आता उजेड थोडाच उरलाय. उदयसिंह, अंकिता, सोनिया, कुणीतरी ऐका. माझ्या अंगावर खरंच त्या माणसाचं दुखणं असेल, तर मी त्याचा जीव वाचवलाय. मग मला घोटभर पाणी आणि निजायला एक कोपरा द्यायला काय हरकत होती? आणि अंगावर काहीच नसेल, तर मला माझ्या घरी का जाऊ दिलं नाही? दोन्हीतलं एक काहीतरी खरं धरा. तेही जमत नसेल तर उद्या त्या जाळंवाल्याला निदान आम्ही कोण आहोत ते सांगा. ऐकल्यावर तोही आम्हाला इथेच टाकून जाईल. जगायला तेवढं पुरे आहे.

मला समोरची भिंत दिसेनाशी झाली आहे. जतची एसटी आता लांब गेली असेल. आता पिलांना हाक मारली तरी चालेल.