डाव्या कमानीवरची खूण

"चाचा, लोकांच्या बंदुकीतला जुना विलायती माल काढून तुम्ही गावठी बसवता, हे खरं का?"

शिवकांतानं विचारून टाकलं आणि हसू दाबायला रिबिनीचं टोक दातात धरलं. दहावीच्या वर्गातल्या गंगम्मानं पैजच लावली होती, 'तोंडावर विचारून दाखव, तर खरी!' वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून शिवकांताला कुणाच्याही तोंडावर काहीही विचारायची भीती वाटेनाशी झाली होती.

शेजारी बसलेल्या तिच्या अप्पांनी, महादेवप्पांनी, खाकरून रस्त्याकडे पाहिलं. पोरीला दटावलं मात्र नाही. उत्तर त्यांनाही हवंच होतं.

खादरमियाँ मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. लातूर जिल्हा झाल्यावर नांदेडहून येऊन त्यांनी तिथल्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळात हे दुकान टाकलं होतं. बंदुका क्वचितच यायच्या, म्हणून फळीवर दुरुस्तीला आलेल्या स्टोव्हची रांग होती.

"कोण म्हणतंय, बेटी?"

"समदेच म्हणत्यात."

"समद्यांकडं बंदुका कुठं हायत? तुमच्या गावात एक तुमची, एक पोलीस पाटलाची. अन् पाटलाच्या नळीत तर कुंभारमाशीनं घर बांधलं हुतं. तिला इचारून बघ, मी काय बदललं का."

मिस्त्री हसले, शिवकांताही खळखळून हसली. मैत्रिणींना सांगायला झकास उत्तर मिळालं होतं! मिस्त्रींनी माठातून तिला पाणी दिलं, पेला काठोकाठ भरून. त्या साली लातुरात टँकरमागे माणसं धावत होती आणि हॉटेलवाले अर्धाच पेला पुढे करायचे. ती गटागटा प्यायली.

दुनळी बंदूक आजोबांच्या वेळची. विहिरीच्या तळाला उरलेल्या पाण्यावर अप्पांनी मक्याचा एक तुकडा जगवला होता आणि त्यावर रानडुकरांची धाड पडत होती. बार हवेतच काढायचा, जीव घ्यायची रीत त्यांच्या घरात नव्हती. पण उजवा घोडा लुळा पडला होता. ज्या पोलादी कमानीच्या जोरावर तो आपटतो, तीच आत तुटली होती. विश्वासाचा मिस्त्री शोधत अप्पा गावोगाव फिरले. मुदखेडच्या मिस्त्रीला दिसेनासं झालं होतं, उदगीरचा दुकान मोडून गेला होता. उरले खादरमियाँ आणि त्यांच्या पाठीमागची ही बोलवा.

म्हणून आदल्या दिवशी अप्पांनी बंदुकीची डावी, चांगली बाजू उघडून शिवकांतापुढे धरली होती. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालायला गल्लीतल्या बायका तिलाच बोलवायच्या, इतका तिचा हात वळणदार. कर्कटकाच्या टोकानं दाबून दाबून कमानीवर 'शि' कोरताना तिला केवढी मौज वाटली होती!

"बदलली की सापडलाच," अप्पा म्हणाले होते.

मिस्त्रींनी उजव्या बाजूला नवी कमान बसवली. घोडा ओढला, सोडला. खट्ट! अप्पा उठू लागले.

"बसा की. आलायच तर डावी बाजूबी साफ करून देतो."

"नगं, नगं, ती चांगली हाय," अप्पा घाईनं म्हणाले. तोवर स्क्रू निघालाही होता.

मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कमान उजेडात धरली. काळपट पोलादावर ताजं 'शि' चकाकत होतं. त्यांचा अंगठा त्या अक्षरावरून फिरत राहिला.

"हे कुणी केलं?"

शिवकांतानं रिबिनीचं टोक पुन्हा दातात धरलं.

"पयल्या मिस्त्रीनं केलं असंल," अप्पा म्हणाले.

"असंल," खादरमियाँ म्हणाले. "अक्षर मातर मोत्यावानी हाय."

पायाखालची फरशी वर येऊन आपल्याला झाकून टाकेल तर बरं, असं तिला वाटलं.

"भांड्याला चालतं हे," मिस्त्री हळूच म्हणाले. "कमान असल्या ओरखड्यावरच तुटती. घासून काढतो. पण मग खूण जाती. हीच तुमची कमान, हे निस्तं माझ्या शब्दावर मानावं लागंल. बोला महादेवप्पा, घासू?"

अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"राहू द्या," ते म्हणाले.

मिस्त्रींनी मान डोलावली. कमान जागेवर बसवली, स्क्रू आवळला आणि घोंगडीत गुंडाळलेली बंदूक दोन्ही हातांनी अप्पांना दिली.

"पानी पिऊन जा, बेटी. लांब जायचंय."

पेला पुन्हा काठोकाठ. तो तोंडाला लावायची लाज वाटत होती, आणि तेवढं पाणी टाकायचीही. तिनं एकेक घोट गिळला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींनी तिला घेरलं.

"इचारलंस का? बदलतो ना माल?" गंगम्मा म्हणाली.

"न्हाई बदलत."

"तुला काय ठावं?"

पुरावा तर होता. पण तो सांगायचा म्हणजे 'शि' सांगायचा.

"बघा, हिलाबी उत्तर न्हाई! म्हंजे बदलतोच!" गंगम्मानं टाळी दिली आणि सगळ्या पोरी हसल्या. कुंभारमाशीची गंमत तिला सांगावीशीही वाटली नाही.

संध्याकाळी अव्वा, तिची आई, भाकरी थापत होती. अप्पा जेवायला बसले होते, भिंतीला बंदूक टेकवलेली होती.

"अप्पा, रविवारी आपून लातूरला जाऊ," शिवकांता म्हणाली.

"कशाला? बंदूक तर चांगली चालती."

"खूण घासून आनायला."

अव्वाचा हात थांबला. "कसली खूण गं?"

"शिवे, गप जेव," अप्पा म्हणाले. त्यांनी घास तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

"मी कोरली ती, अव्वा. आन् चाचानं इचारलं तवा मी बोलले न्हाई. आता त्येला सांगनार, आन् सोमवारी वर्गात उभं राहून सांगनार. लायसन तुमच्या नावाचं हाय अप्पा, म्हणून तुम्हाला संगं यावं लागंल. तिथं तुम्ही काई बोलला न्हाई तरी चालंल."