एका गाठीत दोन आजार

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. तुमच्या बोटाएवढी लांब. रुग्णालयाच्या तपासणीखोलीत, एका कपाटाच्या खणात मी उभी आहे. पुढेमागे माझ्यासारख्याच शंभरजणी. कूस बदलायलाही जागा नाही.

माझ्या अंगावर एका बाईंच्या गळ्यातल्या गाठीचा, कागदाहून पातळ काप आहे. बाई शाळेत कवायत शिकवत. त्यांची थायरॉईडची अर्धी ग्रंथी गाठीसकट काढली होती. तपासणीखोलीतल्या ताईंनी काप गुलाबी-जांभळा रंगवला आणि वरून दुसरी पातळ काच डकवली. तेव्हापासून आम्ही दोघे कोंडलेलो.

धाकट्या डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. "क्षय! आणि तोही थायरॉईडमध्ये!" ते हरखून गेले. निदान खरेच होते. पण माझ्या डाव्या कडेला कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. तिथवर त्यांची नजर गेलीच नाही. मला ओरडावेसे वाटले. पण काचेला कुठला कंठ? दिवा विझला आणि मी खणात गेले.

पाच महिने! खण उघडला की वाटे, माझ्यासाठीच. हात शेजारणीला उचलून नेई. बाई तिकडे नेमाने क्षयाच्या गोळ्या घेत होत्या आणि इकडे माझ्याजवळचे सत्य मला खात होते.

एके सकाळी मोठ्या डॉक्टरबाई आल्या. "गोळ्या चालू असून मानेत नवी गाठ? जुनी काच काढा बघू."

त्यांनी मला या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश पाहिले. मग थांबल्या. "क्षय आहेच. पण इथे बघ. कर्करोगही आहे."

धाकट्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मॅडम, एक सापडल्यावर मी पुढे पाहिलंच नाही."

"मग बाईंना तूच सांग. मी सोबत असेन."

निरोप मिळताच बाई आणि त्यांचे पती तिथेच आले. ऐकून पती म्हणाले, "आधीच क्षय, त्यात हे! दुष्काळात तेरावा महिना."

बाईंनी मात्र सरळ विचारले, "म्हणजे पाच महिने गेले ना माझे?"

"हो. चूक माझी आहे," धाकटे डॉक्टर म्हणाले.

"बरं. आता पुढचं सांगा."

दुसरी शस्त्रक्रिया झाली. क्षयाच्या गोळ्याही पुऱ्या झाल्या. बाई बऱ्या आहेत, असे ताईंच्या बोलण्यातून कळले. आवाज तेवढा घोगरा झाला. आता कवायतीला त्या हुकूम देण्याऐवजी शिट्टी वाजवतात म्हणे.

मित्रांनो, मला बाहेर काढा, असे मी म्हणत नाही. आम्हाला जपून ठेवा, एवढेच. आणि तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झालेच, तर पहिले उत्तर सापडल्यावरही उरलेली काच बघा. तिथे कोणाचा तरी जीव अडकलेला असतो.