घडीतले ठसे

शनिवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती पोरांचा नुसता गोंधळ असतो. ताज्या फुलांचे कापडावर ठसे कसे उमटवायचे ते मी शिकवते. सुती कापडाची घडी घालायची, घडीत फूल ठेवायचं आणि वरून लाकडी हातोडीने हलक्या हाताने ठोकायचं, की रस उतरून दोन्ही बाजूंना आरशात पाहावं तसं एकच फूल उमटतं. माझी चिमणी दोन महिन्यांपूर्वी इस्पितळातून घरी आली, आणि डॉक्टर ‘आता काळजी नको’ म्हणाले तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ती चार पोरांत हसताना दिसावी, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

त्या शनिवारी शेजारच्या ढब्बूने घडी उघडली, तर डावीकडे टवटवीत फूल आणि उजवीकडे तेच फूल कोमेजलेलं, पाकळ्या आत वळलेल्या.

“काकू, माझं बिघडलं.”

“धसमुसळेपणा केलास, दुसरं काय!”

पण मग सगळ्यांच्याच घड्यांत तसं निघालं. मी कापड बदललं, फुलं बदलली, स्वतः ठोकून पाहिलं; उजवीकडचं फूल दरवेळी सुकलेलंच. मी हातोडी बाजूला ठेवली. पोरांना मात्र गंमत वाटत होती.

“आता फुलं नकोत, हात!” चिमणी म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण कितीतरी दिवसांनी तिने काही हट्टाने मागितलं होतं. पोरांनी पाकळ्या चुरगळून तळहातांना फासल्या, कापडाच्या डाव्या भागावर हात दाबले, आणि रस ओला असतानाच मी घड्या घालून वरून लाटणं फिरवलं.

ढब्बूचा डावीकडचा हात इवलासा होता. उजवीकडे मोठा, रुंद पंजा उमटला होता, सुरकुत्यांनी भरलेला, बोटं सांध्यांत वाकलेली. “आजोबांचा हात!” म्हणत सगळे खिदळले. दुसऱ्याचाही तसाच निघाला, तिसरीचाही. चिमणीचाही असाच म्हातारा निघू दे, मी मनातल्या मनात घोकत राहिले, सुरकुतलेला, वाकडा, कसाही, पण म्हातारा निघू दे.

चिमणीने घडी सावकाश उघडली आणि तिचा चेहरा आनंदाने फुलला.

“आई, बघ ना! फक्त माझेच दोन्ही सारखे आलेत.”