भाऊजी काय म्हणाले

आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात दोघे भाऊ. थोरले आमचे हे, धाकटे माझे दीर. करवतीच्या मशीनपाशी तीस वर्षं उभं राहून ह्यांचे कान गेले. समोरच्याचे ओठ दिसले तर निम्मं कळायचं, बोलणाऱ्यानं पाठ फिरवली की सगळा आनंद. आणि भाऊजी तर पाठ फिरवूनच बोलणार. म्हणून ऑर्डरी घ्यायचं काम माझं, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचंही माझंच.

भाऊजी मनानं वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. ते म्हणायचे, त्या दगडाला सांग, गिऱ्हाईक ताटकळलंय. मी ह्यांच्यासमोर उभी राहून म्हणायचे, भाऊजी विचारतात, आजच्या आज जमेल का. हे खुशीत येऊन म्हणायचे, त्याच्यासाठी जमवतो की. ते ऐकून भाऊजी ओशाळायचे आणि दिवस निभायचा. अशी अकरा वर्षं गेली. खोटं बोलले, हो. लाज मुळीच वाटत नाही. खरं सांगितलं असतं तर पहिल्याच वर्षी कारखान्याच्या मधोमध भिंत उभी राहिली असती.

मग लेकीनं ह्यांना दवाखान्यात नेऊन दोन्ही कानांना मशीन बसवून आणलं. आठवडाभर घरातच सवय केली. नळ गळतो, दार कुरकुरतं, तू चपला घासत चालतेस, असं एकेक ह्यांना ऐकू यायला लागलं. घरात सगळे खूश. मी मात्र भाऊजींना बजावून ठेवलं, आता तोंड सांभाळा. ते हो हो म्हणाले. पण जित्याची खोड ती.

सोमवारी हे कानांत मशीन घालून कामावर आले. करवत बंद होती. हे एका फळीला रंधा मारत होते. भाऊजी पलीकडून आले, दाराची चौकट बघितली आणि सवयीनं मला म्हणाले, "ह्या बहिऱ्याला सांग, परत माप चुकवलंस तर हात धरून बाहेर काढीन."

रंधा थांबला. ह्यांची मान ताठ झाली, कानशिलं लाल झाली. भाऊजींच्याही लक्षात आलं, पण बोलून चुकले होते. संपलं सगळं, मला वाटलं.

हे माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय गं तो?"

मशीनची बॅटरी सकाळी मीच बदलली होती. अकरा वर्षांत कधी अडखळले नाही, आज अडखळले. शेवटी म्हटलं, "माप एकदा पडताळून घ्या, म्हणतात."

ह्यांनी रंधा बाजूला ठेवला. अकरा वर्षांतलं काय काय आठवत होते, कोण जाणे. मग खिशातून टेप काढला.

"घेतो म्हणावं," म्हणाले.

भाऊजी चार हातांवर उभे होते. तरी मी गेले आणि त्यांना तेवढं सांगितलं. त्यांना मान वर करवेना.