शेला पांघरलेलं इंजिन

मित्रांनो, मी गरम हवेवर चालणारं एक जुनं, छोटंसं इंजिन आहे. 'चालणारं' म्हणताना जरा ओशाळायला होतं, कारण मला शेवटचं चालून कितीतरी वर्षं लोटली. हल्ली माझा मुक्काम धर्मापुरीच्या सुंदरराव मालकांच्या देवघरात आहे. शेजारी बाळकृष्ण, अंगावर जरीचा शेला, वर शेंदराचा थर. पाहणाऱ्याला वाटतं, काय नशीब काढलं या पितळेनं! पण दुरून डोंगर साजरे.

माझा जन्म हैदराबादेतल्या एका कारखान्यात झाला. रूपानं मी देखणा होतो, हे मीच सांगायला हवं, कारण आता शेंदराखाली ते दिसत नाही. माझ्या पोटात एक नळकांडं आहे. त्याचं एक टोक दिव्यावर तापतं. दुसऱ्या टोकाला पितळी चकत्या आहेत, त्या वाऱ्यानं गार राहतात. आतली हवा तापली की फुगते आणि दट्ट्याला पुढे ढकलते. तीच हवा गार टोकाकडे गेली की आकसते आणि दट्ट्या मागे येतो. एवढ्यावर माझं चाक भिरभिरतं.

उत्तरेश्वर मास्तर शिक्षण संपवून हैदराबादेहून निघाले, तेव्हा त्यांच्या गुरुजींनी मला त्यांच्या हाती दिलं. बैलगाडीत, धोतराच्या घडीत गुंडाळून मी धर्मापुरीला आलो. तेव्हा निजामाचं राज्य होतं. शाळेतलं पुस्तक उर्दू, समजावणं मराठी, आणि शाळेची जागा म्हणजे जुन्या देवळाचा मंडप.

मास्तर माझ्याखाली रॉकेलची चिमणी ठेवत आणि विचारत, "सांगा, चाक कशानं फिरतंय?"

"आगीनं!" सगळी पोरं एकदम ओरडत.

मग मास्तर ऊन ऊन पाण्यात पिळलेलं फडकं माझ्या चकत्यांवर टाकत. माझं चाक मंदावे आणि थांबे. "आग तर तशीच हाय. मग थांबलं कावून?" पोरं वाकून चिमणीची ज्योत बघत. मग ते गार पाण्याचं फडकं ठेवत, चाकाला हलकेच बोट लावत, आणि मी पुन्हा पळू लागे.

"मोटेचं पाणी विहिरीवरच्या थारोळ्यातून पाटानं कावून धावतं? थारोळं उंचावर आणि मळा सखल, म्हणून. सपाटीवर पाणी नुसतं साचतं. उष्णतेचं बी तसंच. ऊन आणि गार यांत फरक असला तरच ती वाहती, आणि वाहता वाहता काम करती."

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

पण त्या देवळाच्या आवाराबाहेरही काही लेकरं उन्हात उभी असत. ती दगडाबाईच्या वस्तीतली. त्यांना देवळाची पायरी चढायची बंदी होती. दगडाबाई गावात सरपणाच्या मोळ्या विकायची. एक दिवस ती भिंतीपलीकडून म्हणाली, "मास्तर, आमच्या लेकरांला आवाज ऐकू येतो, पण चाक काय दिसत न्हाई."

मास्तरांच्या मनाला ते लागलं. त्यांनी सुंदरराव मालकांकडे रस्त्याकडेची कडब्याची खोली शाळेसाठी मागितली. मालक मोकळ्या मनाचे, पण हौशी. ते म्हणाले, "खांडेनवमीला पाहुणे येणार हायत. तुमचं यंत्र पळवून दाखवा, खोली तुमची. मग तिथं कुणाची बी लेकरं बसवा, मी आडवा येणार न्हाई."

मास्तरांनी मला चिंचेनं घासलं. मी असा चमकलो की काय सांगू!

खांडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. मालकांच्या बैठकीत तलवारी, नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी यांच्या मधोमध मला बसवलं. हळदकुंकू झालं. मास्तरांनी चिमणी पेटवली, माझं चाक फिरू लागलं आणि पाहुणे 'वा वा' करू लागले. मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी खांद्यावरचा जरीचा शेला काढला आणि माझ्या चकत्यांभोवती घड्या घालून गुंडाळला. "मानाच्या पाहुण्याला उघडं ठेवू न्हाई!"

माझा जीव कोंडला. गार टोक तापत चाललं, ऊन आणि गार यांतला फरक सरत चालला, आणि माझं चाक रेंगाळू लागलं.

"आग वाढवा, मास्तर!" मालक म्हणाले.

मास्तरांनी वात वाढवली. आगीला काय तोटा होता? मी आणखीच मंदावलो. मास्तरांना सगळं कळत होतं. रोज पोरांना शिकवलेला धडाच तो. त्यांचा हात शेल्याकडे गेला, मालकांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहून थबकला आणि मागे आला. चारचौघांत मालकांचा मान उतरवायचा कसा? मी मनातून ओरडत होतो, "काढा, मास्तर, काढा!" पण मला तोंड नाही. ज्यांना होतं, ते गप्प राहिले.

मी थांबलो.

"असू द्या, मास्तर," मालक खरोखर मायेनं म्हणाले. "देवाची मर्जी. पण यंत्र लई गोड हाय. आमच्या देवघरात शोभंल. दसऱ्याला गडी पाठवतो."

खोलीचा विषय मालकांनी काढला नाही, आणि मास्तरांनीही नाही.

मला शेल्यासकट काखेत धरून मास्तर घरी निघाले. वाटेत दगडाबाई उभी होती.

"चाललं का, मास्तर?"

"न्हाई."

"कावून?"

मास्तर खोटं बोलले नाहीत. "मालकांनी वर शेला घातला. त्यानं कोंडलं ते. मला काढता आला न्हाई."

दगडाबाईनं डोक्यावरची मोळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "कापडच हुतं न्हवं, मास्तर?"

मास्तर शेला न सोडताच मला घेऊन घरी आले. दसऱ्याला गडी आला, तेव्हाही ते 'नाही' म्हणाले नाहीत.

तेव्हापासून मी देव झालो. दर खांडेनवमीला शेंदराचा नवा थर चढतो. दट्ट्या कधीच चिकटून बसला. कडब्याच्या खोलीत कडबाच राहिला आणि दगडाबाईच्या वस्तीतल्या लेकरांनी सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेतल्या. त्यांच्या 'सरपण घ्या' अशा हाका इथवर येतात. ती लेकरं माझं चाक न बघताच मोठी झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे मास्तरांची बदली झाली. जाण्याआधी ते माझ्यापाशी आले. मालक शेजारीच उभे होते. मास्तरांची बोटं शेल्याच्या काठापर्यंत आली, पण मला कुंकू लावून परत गेली. त्यांचे डोळे भरले होते. मालकांना वाटलं, केवढी ही भक्ती!

मित्रांनो, वस्तू नुसती टाकून दिल्यानंच गंजते असं नाही, फार मान दिल्यानंही गंजते. म्हणून तुमच्यापैकी कुणी कधी या देवघरात आलंच, तर मला हात जोडू नका. शेंदूर खरवडा, दट्ट्याला तेल द्या, चिमणी पेटवा आणि मला बाहेर रस्त्यावर, सगळ्यांना दिसेन असा ठेवा. पण सगळ्यात आधी हा शेला काढा. भिऊ नका. कापडच आहे ते.